अर्ध्या दिवसाची किनाराफेरी: सकाळी की दुपारी, छोटी बोट की मोठी?

किनारवेडी

नमस्कार मंडळी,

लवकरच आम्ही घरचे सगळे एका किनाऱ्यावर जातोय. उंच कडे, त्यांच्या पायथ्याशी गुहा, एकदोन कमानी, असा सगळा ऐवज आहे. रस्त्यावरून यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून अर्ध्या दिवसाची बोटीची फेरी करायची हे नक्की. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, म्हणजे चर्चा त्या एका जागेत अडकणार नाही आणि पुढे कुणालाही वाचून उपयोग होईल.

आम्ही पाच जण. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात पण उत्साह दांडगा. मुलगी नऊ वर्षांची, तिला घाटात गाडी लागते. त्यामुळे बोट लागणार हे गृहीत धरून चाललेय.

सकाळची फेरी घ्यावी की दुपारची? बारा जणांची रबरी स्पीडबोट आहे आणि एक मोठी दुमजली बोट आहे, त्यातली कुठली? आणि तिसरं म्हणजे, एका फेरीत तीन गुहा, दोन पुळणी, पोहायचा थांबा असं सगळं भरलंय. दुसरीत एकच थांबा, बाकी वेळ कड्यांच्या कडेकडेने. नवऱ्याला पहिली हवी. मला दुसरी बरी वाटते, पण का ते त्याला पटेल असं सांगता येत नाहीये.

अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज.

गलबत

सकाळ. डोळे झाकून सकाळ.

भूगोलमास्तर

गलबत यांना अनुमोदन, पण कारणासकट.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. ऊन चढलं की जमीन लवकर तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो. जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. हे खारे वारे साधारण उशिराच्या सकाळी सुरू होतात आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास जोरात असतात. दुपारी एक ते पाचची फेरी म्हणजे नेमका तोच वेळ. पाण्यावर आखूड, टोकदार लाटा उठतात, बोट आदळत जाते, अंगावर तुषार येतात. सकाळी हेच पाणी बहुतेक वेळा शांत असतं.

मात्र एक पोटभेद लक्षात घ्या. वाऱ्याने जागच्या जागी उठणाऱ्या लाटा वेगळ्या आणि शेकडो मैलांवरच्या वादळातून निघून येणारे स्वेल वेगळे. स्वेलला तुमच्या इथल्या वाऱ्याशी काही देणंघेणं नसतं. वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि तरी बोट खालीवर होत राहते ती त्यामुळे. हवाईतल्या काउआई बेटाचा ना पाली किनारा याचं ठळक उदाहरण आहे. उन्हाळ्यात तिथे समुद्र निवांत असतो, छोट्या बोटी गुहांमध्ये शिरतात. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांचे स्वेल थेट त्या किनाऱ्यावर येतात आणि तेच पाणी छोट्या बोटींना अवघड होतं. किनारा तोच, दिवसही उन्हाचाच.

म्हणून अंदाज बघताना नुसता वारा बघू नका. लाटांची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं, तेही बघा. एक मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर बोट संथ डुलते. तीच एक मीटर चार-पाच सेकंदांनी येत असेल तर धक्के बसतात. आणि अंदाजात छापलेली उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या दुपटीच्या आसपास येऊ शकते.

मनमौजी

सासूबाईंना बोट निवडू द्या. घरात शांतता राहील, समुद्राचं नंतर बघू :)

सुखदा_र

आमच्या धाकट्यालाही गाडी लागते, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

त्याला बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर पण उघड्या बाजूला बसवलं होतं. पुढच्या टोकाला बसायचा हट्ट होता त्याचा, पण तिथे बोट सगळ्यात जास्त वरखाली होते. फोन, चित्रांचं पुस्तक, दुर्बीण, सगळं पिशवीत बंद. मान खाली गेली की संपलं. त्याला एक काम देऊन ठेवलं, कड्यावर पक्ष्यांची घरटी कुठे दिसतात ते शोधायचं. दूरचं बघत राहिला आणि छान राहिला.

आणखी एक. इंजिनाचा धूर. वारा मागून असेल तर मागच्या बाकांवर डिझेलचा वास कोंडतो आणि चांगल्या-चांगल्यांचं पोट ढवळतं. आमच्या फेरीत मागे बसलेले तिघे त्या वासानेच बेजार झाले, लाटा नावालाच होत्या. बोटीवाल्याला सांगून पुढे सरकले आणि दहा मिनिटांत माणसात आले.

कॅमेरावाली

सगळे एकसुरात सकाळ म्हणतायत म्हणून विरोधी मत नोंदवते.

किनारा कुठे तोंड करून आहे ते कुणी विचारलंच नाही. पश्चिमेकडे तोंड असेल तर सकाळी सूर्य कड्यांच्या मागे असतो. कडे जितके उंच, तितका जास्त वेळ पायथा सावलीत. तुम्ही आठ ते बारा फिरणार, त्यातला निम्मा वेळ काळपट भिंत बघणार. दगडाचे थर, रंग, भेगा, काही उठून दिसत नाही. तोच किनारा दुपारी तीननंतर पाहा, अख्खा उजळतो. ना पालीचं वर उदाहरण आलंय, त्याचं तोंड वायव्येला आहे. तिथली दुपारची उन्हं बघण्यासाठी लोक थोडे धक्के सोसतात आणि मला ते पटतं.

पूर्वेकडे तोंड असेल तर मात्र सकाळच. तिथे माझं काही म्हणणं नाही.

पाण्याच्या रंगाचं गणित आणखी वेगळं. निळा-हिरवा तळ दिसायला सूर्य डोक्यावर लागतो. कलत्या उन्हात प्रकाश पाण्यावरूनच परावर्तित होतो, आत कमी शिरतो. कड्यांसाठी एक वेळ, पाण्यासाठी दुसरी. दोन्ही एकाच चार तासांत हवं असेल तर वेळ काळजीपूर्वक निवडावी लागते.

भूगोलमास्तर

@कॅमेरावाली, दिशेचा मुद्दा बिनतोड आहे. पण नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आजी बरोबर असताना उजेडापेक्षा पाण्याला मत द्यावं असं मला अजूनही वाटतं. उलट्या करणाऱ्या माणसाला कड्याचे रंग दिसत नाहीत.

कॅमेरावाली

@भूगोलमास्तर, मान्य. मग निदान आठऐवजी साडेनऊ-दहाची फेरी आहे का ते तरी विचारा. साडेनऊ ते दीड असेल तर शेवटचा तास-दीड तास पश्चिमेच्या कड्यांवरही ऊन उतरतं, आणि वारा अजून पूर्ण उठलेला नसतो.

शेवटचा_बाक

माझ्या मामेभावाने ‘क्षितिजाकडे बघ’ हा सल्ला इतका मनावर घेतला की कडे, गुहा, डॉल्फिन, सगळं त्याच्या पाठीमागे होऊन गेलं. फेरी संपल्यावर सगळे फोटो दाखवत होते आणि ह्याला क्षितिज तोंडपाठ!

मनमौजी

हसून हसून पुरेवाट!

रात्रपाळी

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून औषधांपुरतं लिहितो.

बोट लागते ती पोटामुळे नाही. आतला कान मेंदूला सांगतो की आपण हलतोय, डोळे बोटीच्या आतलं काही बघत असतात आणि सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून मळमळतं. क्षितिज किंवा दूरचा किनारा पाहिला की डोळेही कानाच्या बाजूने साक्ष देतात, म्हणून तो उपाय लागू पडतो. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, आणि शाळकरी वयात तो सगळ्यात जास्त असतो. तुमची मुलगी नेमकी त्या वयात आहे, मोठेपणी कमी होण्याची शक्यता चांगली.

डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिनसारख्या गोळ्या निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्याव्या लागतात. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बरेचदा फुकट जाते, कारण तोवर पोटाचं काम मंदावलेलं असतं. यांनी झोप येते, हे लक्षात ठेवून ठरवा. स्कोपोलामिनची पट्टी कानामागे लावतात, निघण्याच्या किमान चार तास आधी, आणि ती तीन दिवस चालते. पण ती लहान मुलांसाठी नाही, काचबिंदू असलेल्यांसाठी नाही, आणि वयस्कर माणसांना तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं. मुलीला काय आणि किती द्यायचं ते तिच्या डॉक्टरांनाच विचारा, इथल्या कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, माझ्याही नाही.

आल्याचा काहींना उपयोग होतो. मनगटावरच्या पट्ट्यांबद्दलचा पुरावा तुटपुंजा आहे. उपाशीपोटी आणि तुडुंब पोटी, दोन्ही वाईट. दोन तास आधी हलकं खाऊन घ्या.

आणि मुलीला हे जरूर सांगा की अ‍ॅडमिरल नेल्सनला जन्मभर बोट लागायची, आणि १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर फिरलेला डार्विन सफरीभर त्याच त्रासाने हैराण होता. दोघांचं काम काही अडलं नाही.

गोदाकाठ

अहो, सगळं झालं पण शौचालयाचं कुणी बोलेना! चार तास, सत्तरीच्या बाई आणि रबरी बोट. त्या बोटींवर शौचालय नसतं. माझ्या आईने फेरीआधी आणि फेरीभर पाणीच प्यायचं टाळलं, उन्हात डोकं चढलं तिचं. हा प्रश्न फोनवर सगळ्यात आधी विचारा, संकोच करू नका.

दुसरं, चढण्या-उतरण्याचं. धक्क्यावर फळी टाकून चढायचं आहे, शिडी आहे, की गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन बोटीच्या काठावरून पाय टाकायचा आहे? पुळणीवरून सुटणाऱ्या बोटींना बहुधा तिसरा प्रकार असतो. गुडघेदुखीवाल्या माणसासाठी अख्ख्या फेरीत तेवढी दोन मिनिटंच अवघड असतात.

वल्हेकरी

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या होड्या. मी स्वतः बरीच वर्षं प्रवासी बोटीवर काम केलंय. वर बहुतेक बरोबर लिहिलंय, माझ्याकडून थोडी भर.

रबरी बोट पाण्याला चिकटून पळते आणि लाटेवरून सुटली की आपटते. समोरून लाट असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर मागच्या सीटवर बसल्यासारखे दणके. पुढच्या बाकांवर बसलेल्यांच्या मणक्याला फ्रॅक्चर झाल्याची प्रकरणं घडलेली आहेत, म्हणून बरेच चालक गरोदर बायकांना आणि पाठीचं दुखणं असणाऱ्यांना घेतच नाहीत. सासूबाईंना त्या बोटीत बसवू नका. त्यांचा उत्साह कितीही असो.

दोन सांगाड्यांची कॅटमरान मिळाली तर बघा. ती बाजूला फारशी कलत नाही, म्हातारी माणसं तिच्यावर उभी राहू शकतात. समोरून आखूड लाटा असल्या तर तिला झटके बसतात, पण शांत सकाळी तिच्याइतकी सोयीची बोट नाही.

आता तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, कसा ओळखावा. चांगला तांडेल आधी वाऱ्यावर जातो. म्हणजे निघताना वारा तोंडावर घेऊन लांबचं टोक गाठतो आणि येताना वारा पाठीशी घेऊन परततो. दुपार व्हायला लागून वारा वाढला तरी परतीची वाट सोपी राहते. ‘आज कुठल्या बाजूने सुरुवात करणार?’ एवढंच विचारा. ज्याला काम येतं तो वाऱ्याचं नाव काढूनच उत्तर देतो.

गुहेशी आल्यावरही बघण्यासारखं असतं. जाणता माणूस थेट आत घुसत नाही. तोंडापाशी बोट धरून ठेवतो, इंजिन अगदी हळू, आणि लाटा बघतो. लाटा टोळीने येतात, चार-पाच मोठ्या, मग थोडी उसंत. ती उसंत बघून आत जायचं आणि पुढची टोळी यायच्या आत बाहेर पडायचं. आत असताना बोटीचं तोंड बाहेर. तो नुसता उभा आहे म्हणून प्रवासी कुरकुरतात, पण तेवढ्यात त्याचं सगळं लक्ष मागून येणाऱ्या पाण्याकडे असतं.

पाऊलखुणा

मोठ्या बोटीची एवढी भलामण चाललीय म्हणून लिहितो. मोठी बोट कड्यापासून लांब राहते. ध्वनिक्षेपकावरून माहिती सुरू, दोन्ही मजल्यांवर कठड्याला गर्दी, आणि गुहा म्हणजे लांबून दिसणारं काळं भोक. ज्यासाठी समुद्रात आलो तेच हातून जातं.

छोट्या बोटीतून स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरची फिंगलची गुहा पाहिली होती. लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेले बसाल्टचे षटकोनी खांब, शेजारी शेजारी उभे, थेट पाण्यात उतरलेले. ब्रिटिश निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स १७७२ मध्ये तिथे गेला आणि बाहेरच्या जगाला ती गुहा माहीत झाली. जवळ गेल्यावर प्रत्येक खांबाची कड वेगळी दिसते, एकावर शेवाळ, शेजारच्यावर पांढरे कवच्यांचे थर. लाट आत जाऊन फुटते तो दणका छातीत ऐकू येतो. दुमजली बोटीवरून हे मिळणार नाही.

सगळ्यांनी एकाच बोटीत बसायलाच हवं का? दोघं छोट्या बोटीत, तिघं मोठ्या.

वल्हेकरी

@पाऊलखुणा, जवळ जाण्याची मजा मला ठाऊक आहे. पण कड्याच्या अगदी पायथ्याला रेंगाळणं नको. ८ जानेवारी २०२२ ला ब्राझीलमध्ये कापितोलियोजवळ फुर्नास जलाशयात पर्यटकांच्या बोटींवर कड्याचा एक उभाच्या उभा सुळका कोसळला, १० माणसं गेली. तो जलाशय होता, समुद्र नव्हे, पण दगडाला त्याने फरक पडत नाही. मोठ्या पावसानंतर, किंवा वरून बारीक खडे पाण्यात पडताना दिसले, तर बोट लगेच बाहेर काढायची. कड्याच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवून बघावं. गुहेत जायचं तर जा आणि या, फोटोसाठी तिथे नांगर टाकायचा नाही.

सुखदा_र

बाप रे. हे वाचलं नव्हतं.

भूगोलमास्तर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. लाटा कड्यातल्या कमकुवत भेगा कोरतात, त्याची गुहा होते. गुहा आरपार गेली की सागरी कमान. कमानीचं छत पडलं की उरतो सागरी स्तंभ, आणि शेवटी तोही पडतो. यातलं कोसळणं आपल्या हयातीतही घडताना दिसतं. माल्टाची अझूर विंडो ही कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, स्तंभसुद्धा उरला नाही. ऑस्ट्रेलियात लंडन ब्रिज नावाच्या दुहेरी कमानीचा किनाऱ्याकडचा भाग १५ जानेवारी १९९० ला पडला आणि पलीकडच्या तुकड्यावर अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं.

म्हणून मुलीला बोटीवरून हा क्रम शोधायला सांगा. भेग, गुहा, कमान, स्तंभ. एकाच किनाऱ्यावर चारही अवस्था सापडल्या तर पुस्तकातला धडा समोर उभा राहतो, आणि दूर बघत राहिल्याने बोटही लागत नाही.

ओलीचिंब

डॉल्फिन दिसतील का हो? माझा सगळा जीव त्यात.

रानपाखरू

@ओलीचिंब, दिसले तर दिसले. ‘हमखास दिसणार’ असं छापणाऱ्या बोटीपासून लांब राहा. हमखास दाखवायचे म्हणजे पाठलाग करायचा. कळपाच्या मध्ये बोट घातली की पिल्लं आईपासून तुटतात. व्हेल असतील तर बऱ्याच देशांत निदान शंभर मीटर अंतर राखायचा नियम आहे. बोटीने वेग कमी करून बाजूने समांतर राहावं, आणि प्राण्यांना यावंसं वाटलं तर ते स्वतः येतात. मी एकदा एका बोटीवर इंजिन बंद करून वाट बघणारा चालक पाहिला. काही वेळाने ते आपणहून बोटीखालून गेले, अंग तिरकं करून वर बघत.

पुळणींचंही तेच. थायलंडची माया बे २०१८ मध्ये बंदच करावी लागली, इतकी बोटींच्या नांगरांनी आणि गर्दीने तिथल्या प्रवाळाची वाट लागली होती. जानेवारी २०२२ मध्ये परत उघडली तेव्हा बोटींना त्या खाडीत यायला मनाई, मागच्या बाजूने उतरून चालत यायचं. मधल्या काळात छोटे शार्क परतले होते. किनारवेडी ताई, तुमच्या पहिल्या फेरीतल्या पुळणींवर नांगर कुठे टाकतात तेही विचारा.

गलबत

धागा कड्यावरून पाण्यात निघाला. ताई, तुमची बोट ठरली का?

किनारवेडी

सर्वांचे मनापासून आभार! इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सासूबाई धागा वाचतायत. मनमौजी यांचा प्रतिसाद त्यांना सगळ्यात आवडला.

तुम्ही विचारलेली माहिती: किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. मोठी बोट धक्क्यावरून सुटते, फळी आहे, शौचालय आहे. रबरी बोट पुळणीवरून, शौचालय नाही. एक कॅटमरानसुद्धा निघाली, साडेनऊची, तीही धक्क्यावरून आणि शौचालयासकट, आणि तीच एका थांब्याची फेरी करते. तिच्या चालकाला वल्हेकरी यांचा प्रश्न विचारला, तो म्हणाला, ‘वारा दक्षिणेकडून असला तर दक्षिणेला आधी.’ त्या दिवशी ओहोटी साडेअकराच्या सुमारास आहे. हे गुहांसाठी बरं की वाईट?

थांब्यांचा वाद घरात अजून मिटलेला नाही.

वल्हेकरी

उत्तर मिळालं म्हणजे माणूस कामाचा आहे.

ओहोटीचं गुहेवर अवलंबून. तोंड बुटकं असेल तर ओहोटीच लागते. इटलीतल्या काप्री बेटावरच्या निळ्या गुहेचं तोंड पाण्यावर जेमतेम मीटरभर आहे, लोक वल्ह्याच्या होडीत आडवे होऊन आत जातात आणि समुद्र जरा खवळला की ती बंद. उलट तळाशी खडक असतील तर भरलं पाणी बरं.

आणखी एक हिशेब सांगतो. पाणी एका चालीने उतरत नाही. साधारण सहा तासांच्या उताराचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. साडेअकराची ओहोटी म्हणजे साडेनऊला निघाल्यापासून शेवटचे तीन हिस्सेच उतरायचे राहिलेत, पुढे बराच वेळ पाणी खालीच राहील. गुहा बघायला निवांत वेळ आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जात असाल तर उधाणाच्या भरती-ओहोटीमुळे पाणी आणखी खाली जातं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, तेव्हा फरक कमी. बोटीवरूनही हे कळतं. कड्यावर पाण्यालगत पांढऱ्या कवच्यांचा आणि काळ्या शेवाळाचा पट्टा दिसेल. त्याची वरची कड म्हणजे भरतीची खूण. पट्टा किती उघडा आहे ते बघा, पाणी किती उतरलंय ते समजेल.

गोदाकाठ

थांब्यांच्या वादासाठी नवऱ्याला आकडे दाखवा. चार तासांची फेरी. आठ नॉटचा वेग म्हणजे ताशी जेमतेम पंधरा किलोमीटर. जाऊन-येऊन तीस किलोमीटर धरले तर दोन तास नुसते चालण्यात गेले. उरले दोन. तीन गुहा, दोन पुळणी आणि पोहणं त्यात बसवलं तर प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, आणि त्यातच सगळ्यांनी उतरायचं, चढायचं, मोजदाद व्हायची. वेळ वाचवायला मग बोट मधला किनारा सुसाट कापते, आणि तो मधला किनारा बघायलाच तर तुम्ही निघालात.

किनारवेडी

@गोदाकाठ, हेच! हेच मला सांगता येत नव्हतं. वाचून दाखवलं, तो ‘हं’ म्हणाला. ‘हं’ म्हणजे होकार.

पाऊलखुणा

कॅटमरान असेल तर माझा विरोध मागे. जवळही जाते आणि आजीही बसतील.

निळाईत

उशिरा आले धाग्यावर. सगळे शांत पाणी आणि ऊन मागतायत म्हणून न्यूझीलंडच्या मिलफर्ड साउंडची आठवण काढते. वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे. स्वच्छ दिवशी मोजके कायमचे धबधबे दिसतात. धो धो पावसात त्याच उभ्या भिंतींवरून शेकडो तात्पुरते धबधबे सुटतात आणि पाऊस थांबला की काही तासांत नाहीसे होतात. हिमनदीने कोरलेली ती खोल खाडी आहे, आतलं पाणी बरंचसं आडोशाला, म्हणून पावसातही बोटी चालतात. ढगाळ दिवस निघाला तर हिरमुसू नका. पाऊस आणि वारा वेगळे. पावसात जायला हरकत नाही, वाऱ्यात विचार करा. आणि चालकाने फेरी रद्द केली तर हुज्जत घालू नका.

कॅमेरावाली

निळाईत यांच्याशी सहमत, ढगाळ उजेडात दगडाचे रंग सुंदर येतात.

सामानाबद्दल राहिलंच होतं. चष्म्यावर, लेन्सवर खारे तुषार उडतील. ते वाळले की मिठाचे बारीक कण राहतात, कोरड्या फडक्याने पुसलं तर काचेवर ओरखडे. आधी साध्या पाण्याने भिजवून धुवायचं, मग मऊ कापड. छोटी बाटली वेगळी ठेवा. फोटो काढताना कठड्यावर कोपर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट हातात येते. सावलीत बसलात तरी पाण्यावरून उन्हाचा मारा होतो, तेव्हा हनुवटीखालीसुद्धा क्रीम लावा.

रात्रपाळी

आणि मुलीचं लाइफ जॅकेट तिच्या मापाचं हवं. घातल्यावर खांद्यांना धरून वर उचलून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे, बदलून घ्या. हे धक्क्यावरच करा, बोट सुटल्यावर नाही.

किनारवेडी

नोंद केली. कॅटमरान, साडेनऊची, आरक्षण झालं. मुलीच्या डॉक्टरांशी बोलून गोळी ठरलीय, आधी एका सुटीच्या दिवशी घरी देऊन बघायला सांगितलंय, किती झोप येते ते कळायला.

एकच शेवटचा प्रश्न. बसायचं कुठल्या बाजूला? दक्षिणेकडे आधी गेलो तर किनारा डाव्या हाताला येईल ना?

वल्हेकरी

बरोबर, पश्चिमेचा किनारा आणि दक्षिणेला निघालात तर जमीन डावीकडे. आणि जाताना डावीकडेच बसा. येताना किनारा उजवीकडे येतो म्हणून फिटंफाट होईल असं लोकांना वाटतं, पण परतीला बोट बहुतेक वेळा बाहेरून आणि वेगात येते. जवळून बघणं सगळं जाताना. सासूबाईंना डावीकडे मधोमध, खांबाजवळची जागा धरा, उठताना हाताला आधार मिळेल. त्यासाठी वीस मिनिटं आधी धक्क्यावर पोचा.

ओलीचिंब

आणि डॉल्फिन दिसले तर इथे येऊन सांगा, प्लीज!